प्रजासत्ताक सांजावत नाही : सत्ता, साम्राज्य आणि समीक्षेतील हरवलेला कर्ता

१

मराठी व्याकरणात अकर्तृक भावे प्रयोग सांगितला जातो. ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘गडगडते’ अशा वाक्यांत क्रिया असते, पण ती करणारा कोणी नसतो. त्याची गरजही नसते, कारण उजाडणे आणि मावळणे कोणाच्या निर्णयावर अवलंबून नाही. प्रजासत्ताक लयाला जाऊन त्याच्या जागी साम्राज्य कसे उभे राहते, याविषयीचे बरेचसे सैद्धांतिक लेखन नकळत याच प्रयोगात लिहिले जाते. प्रजासत्ताक ‘घसरते’, ‘ओघळते’, ‘सरकत जाते’. सत्ता ‘केंद्रित होते’. संस्था ‘पोकळ होतात’. ही क्रियापदे इतकी अंगवळणी पडली आहेत की, ती वर्णन करीत नसून एक सिद्धान्त मांडत आहेत, हे ध्यानातच येत नाही. तो सिद्धान्त असा : अशा स्थित्यंतरात कोणी काही करीत नाही, सारे काही आपोआप होते.

प्रजासत्ताक साम्राज्यात रूपांतरित होऊ शकते काय, हा प्रश्न राज्यशास्त्राचा मानला जातो आणि साहित्यसमीक्षा त्याच्या वाटेला सहसा जात नाही. गेलीच तर रूपकांच्या निमित्ताने जाते. वस्तुतः हा प्रश्न वाक्यरचनेचाही आहे. कर्ता कोण, क्रिया कोणती, ती कोणत्या दिवशी घडली आणि तेव्हा दुसरी कोणती क्रिया शक्य होती, हे विचारल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही. संहितेतील कर्त्याचा शोध ज्या शास्त्राने घ्यायचा, त्यानेच कर्त्याला रजा दिली, तर ती केवळ पद्धतीची निवड राहत नाही. तिचे राजकीय मोल कोणाला तरी मोजावे लागते.

या वादासाठी फ्रान्सच्या दुसऱ्या प्रजासत्ताकाइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. फेब्रुवारी १८४८ मध्ये ते स्थापन झाले आणि २ डिसेंबर १८५२ रोजी त्याच्या जागी साम्राज्य घोषित झाले. पाच वर्षेही न टिकलेल्या या राज्यावर मार्क्स, ह्यूगो, प्रूदाँ, तॉकव्हिल, फ्लोबेर आणि झोला या सर्वांनी लिहिले. एकाच घटनेची इतकी भिन्न व्याकरणे समीक्षेला क्वचितच एकत्र सापडतात.

२

पहिली तारीख ७ ऑक्टोबर १८४८. राष्ट्रीय सभेत नव्या संविधानावर चर्चा चालू होती आणि राष्ट्राध्यक्षाची निवड कोणी करावी, हा प्रश्न होता. ज्यूल ग्रेव्ही या तरुण सभासदाने उपसूचना मांडली की, कार्यकारी सत्तेचा प्रमुख सभेने निवडावा आणि सभेला तो केव्हाही दूर करता यावा. साऱ्या राष्ट्राच्या मतांवर निवडून आलेल्या एका माणसाच्या हाती सैन्य आणि प्रशासन दिले, तर तो सभेला का जुमानेल, असा त्याचा सवाल होता. शतकाच्या आरंभी जनतेच्या कौलानेच एका बोनापार्टला सिंहासनाकडे नेले होते, याचीही आठवण त्याने करून दिली. ही उपसूचना १५८ विरुद्ध ६४३ मतांनी फेटाळली गेली.

ती फेटाळली जाण्यात ज्या भाषणाचा वाटा मोठा मानला जातो, ते एका कवीचे होते. लामार्तिन म्हणजे फेब्रुवारी क्रांतीचा वक्ता, स्वच्छंदतावादी काव्याचा अग्रणी. थेट निवडणुकीतला धोका त्याला दिसत नव्हता असे नाही; तो त्याने बोलूनही दाखवला. पण समारोप करताना त्याने सीझरच्या फाशांचे रूपक उचलले आणि निवाडा ईश्वरावर व जनतेवर सोपवला. नियतीकडेही काही राहू द्यावे, असा त्याचा सूर होता. येथे रूपक नेमके काय काम करते ते पाहण्यासारखे आहे. सभेपुढे मतदानाचा साधा विषय होता, हात वर करायचा की नाही एवढाच. फाशांचे रूपक त्या हातांची जबाबदारी काढून घेते आणि ती दैवाच्या पटावर ठेवते. निर्णय घेणारे ६४३ जण त्या क्षणापुरते प्रेक्षक होतात. घसरणीच्या सिद्धान्ताचा जन्म येथेच, प्रजासत्ताकाच्या सभागृहात आणि एका कवीच्या वक्तृत्वातून होतो. इतिहासकार आणि समीक्षक त्याचे वारसदार आहेत.

डिसेंबर १८४८ च्या निवडणुकीत सुमारे चौऱ्याहत्तर लाख मतांपैकी चोपन्न लाखांहून अधिक मते लुई नेपोलियन बोनापार्टला मिळाली. लामार्तिनला एक टक्काही मिळाली नाहीत. २० डिसेंबर रोजी नव्या अध्यक्षाने संविधानाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. त्या संविधानाच्या ४५ व्या कलमाने त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणूक लढवण्यास मनाई केली होती आणि ६८ व्या कलमाने सभा विसर्जित करण्याचा अध्यक्षाचा कोणताही प्रयत्न राजद्रोह ठरवला होता. म्हणजे संविधानकर्त्यांना धोका ठाऊक होता. त्यांनी तो शब्दांत बांधला आणि त्याच वेळी सैन्य, प्रशासन व पन्नास लाखांचा कौल शब्दांच्या दुसऱ्या बाजूला उभा केला. मार्क्सने या संविधानातली मर्मभेदी विसंगती दाखवली आहे : राष्ट्राची मते साडेसातशे सभासदांत विखुरतात आणि एका माणसात एकवटतात, सभेशी राष्ट्राचे नाते अमूर्त राहते, अध्यक्षाशी ते व्यक्तिगत होते. हे निरीक्षण प्रातिनिधिक संस्थांविषयी आहे तितकेच प्रतिमेविषयीही आहे. एका माणसाला चेहरा असतो, सभेला नसतो.

३

पुढची पावलेही दिनांकित आहेत. ३१ मे १८५० रोजी राष्ट्रीय सभेनेच तीन वर्षांच्या वास्तव्याची अट घालून मतदारांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांचा मताधिकार काढून घेतला. हे अध्यक्षाने केले नाही. मतपेटीला भ्यालेल्या बहुमताने केले. जानेवारी १८५१ मध्ये अध्यक्षाने पॅरिसच्या सैन्याचा सेनापती शांगार्निए याला दूर केले. सभेने निषेधाची भाषा केली, पण सैन्य तिच्या हातून गेले ते गेलेच. जुलै १८५१ मध्ये संविधान बदलून अध्यक्षाला पुन्हा उभे राहू देण्याचा ठराव आला. बाजूने ४४६, विरुद्ध २७८; तीनचतुर्थांश बहुमत नसल्याने तो पडला. त्या नोव्हेंबरात सभेला स्वतःच्या रक्षणासाठी सैन्य बोलावण्याचा अधिकार स्पष्टपणे देणारा प्रस्ताव मांडला गेला, तेव्हा राजेशाहीवाद्यांच्या हेतूंविषयी साशंक असलेल्या डाव्यांनीच तो पाडण्यास हातभार लावला. २ डिसेंबर १८५१ च्या पहाटे पॅरिसच्या भिंतींवर फर्माने लागली. सभा विसर्जित झाली आणि सार्वत्रिक मताधिकार परत मिळाला. सभेने जे हिरावून घेतले होते तेच परत देऊन अध्यक्षाने सभेला बाजूला सारले.

दिवसही सहज निवडलेला नव्हता. २ डिसेंबर हा पहिल्या नेपोलियनच्या राज्याभिषेकाचा आणि ऑस्टर्लिट्झच्या विजयाचा दिवस होता. कटाच्या कागदपत्रांना ‘रुबिकॉन’ हे सांकेतिक नाव दिले होते, असे सांगितले जाते. लामार्तिनने ज्या प्रसंगाचे रूपक भाषणात योजले, त्याच प्रसंगाचे नाव कटाच्या बासनावर पडले. रूपक कवीकडून दप्तरात पोहोचायला तीन वर्षे पुरली.

त्या महिन्यातील सार्वमतात सुमारे चौऱ्याहत्तर लाख होकार व साडेसहा लाखांच्या आतबाहेर नकार पडले. जानेवारी १८५२ च्या नव्या संविधानाने दहा वर्षांचे अध्यक्षपद निर्माण केले आणि मंत्री एकट्या अध्यक्षाला उत्तरदायी केले. १७ फेब्रुवारीच्या फर्मानाने वृत्तपत्रांवर ताकिदीची पद्धत लादली. ताकिदी पुरेशा झाल्या की पत्र स्थगित. नोव्हेंबर १८५२ मध्ये दुसऱ्या सार्वमताने साम्राज्याला मान्यता दिली आणि पुन्हा २ डिसेंबरलाच ते घोषित झाले. या साखळीतील एकही कडी ‘सांजावलेली’ नाही. प्रत्येक कडीवर सही आहे, मतांची मोजणी आहे आणि नाकारलेला पर्याय आहे.

४

साहित्यिकांनी याचे काय केले? व्हिक्टर ह्यूगोने १८४८ मध्ये आपल्या वर्तुळातल्या पत्रातून याच उमेदवाराला पाठिंबा दिला होता. १८५१ मध्ये तो त्याचा कडवा विरोधक झाला आणि सत्ताहरणानंतर ब्रुसेल्समार्गे जर्सी व ग्वेर्नसी बेटांवर एकोणीस वर्षे परागंदा राहिला. ‘नेपोलियन ल् पती’ (१८५२) हे त्याचे पत्रक शपथविधीच्या प्रसंगाने सुरू होते. सत्ताहरणाची हकीकत त्याने पुढे ‘एका गुन्ह्याचा इतिहास’ या शीर्षकाने प्रसिद्ध केली. ‘गुन्हा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गुन्ह्याला कर्ता लागतो, तारीख लागते, साक्षीदार लागतात. ह्यूगोचे व्याकरण पूर्णतः कर्तरी आहे.

मार्क्सने ‘अठरावा ब्रुमेर’च्या १८६९ च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रास्ताविकात याच व्याकरणावर आक्षेप घेतला. सर्व घटना एका माणसाच्या अचाट कृतीतून काढली की, ज्याला लहान म्हणून हिणवायचे तोच मोठा होतो. त्याच दमात त्याने प्रूदाँलाही झोडपले : सत्ताहरण हे आधीच्या इतिहासाचे अटळ फलित आहे असे दाखवले की, इतिहासाचे विवरण नायकाची कैफियत होऊन बसते. समीक्षेने यातील पहिला आक्षेप पाठ केला आणि दुसरा विसरून टाकला. मार्क्स म्हणजे ‘रचना’, ह्यूगो म्हणजे ‘व्यक्ती’ अशी सोयीस्कर वाटणी झाली आणि आधुनिक समीक्षेने आपली जागा अर्थातच रचनेच्या बाजूला घेतली.

प्रत्यक्षात ‘अठरावा ब्रुमेर’ कर्त्यांनी गजबजलेला ग्रंथ आहे. पक्ष, गट, सेनापती, मतदान, विशिष्ट दिवशी केलेली विशिष्ट चूक, यांनी त्याची पाने भरली आहेत. राष्ट्र बेसावध असताना गाठले गेले, ही सबब त्याने स्पष्टपणे नाकारली आहे. परिस्थिती माणसांनी निवडलेली नसते, एवढे सांगून तो थांबत नाही; न निवडलेल्या परिस्थितीत त्यांनी काय निवडले, याचा हिशेब तो मांडतो. आपल्याकडील आणि बाहेरील चर्चेत मात्र या ग्रंथाचा उल्लेख आला की, पहिल्या पानावरील शोकात्मिका आणि प्रहसन ही जोडी पुढे येते आणि चर्चा तेथेच संपते. हेडन व्हाइट यांनी ‘मेटाहिस्टरी’त (१९७३) इतिहासलेखनाच्या कथानकबंधांची मांडणी केल्यापासून हा आळस प्रतिष्ठित झाला. व्हाइट यांची मांडणी मूल्यवान आहे, पण तिच्या अनुकरणातून कथानकबंध ओळखणे म्हणजेच आकलन, असा समज रूढ झाला. प्रहसन ओळखून हसणारा समीक्षक आणि २ डिसेंबरला खिडकीतून बघणारा नागरिक यांच्यात मग फारसे अंतर राहत नाही.

५

‘अठरावा ब्रुमेर’च्या शेवटच्या प्रकरणातील एक वाक्य मात्र समीक्षेच्या जगात फार फिरले. ज्यांना स्वतःचे प्रतिनिधित्व करता येत नाही, त्यांचे ते दुसऱ्याने करावे लागते, अशा आशयाचे हे वाक्य एडवर्ड सईद यांनी ‘ओरिएंटॅलिझम’च्या (१९७८) प्रारंभी ठेवले. तेथे त्याचा अर्थ ‘पाश्चात्त्यांनी केलेले पौर्वात्यांचे चित्रण’ या दिशेने वळला. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मूळ जर्मन शब्दाकडे परत जाऊन दाखवले की, ‘कोणाच्या वतीने उभे राहणे’ आणि ‘कोणाचे चित्र उभे करणे’ यांसाठी जर्मनमध्ये दोन शब्द आहेत. इंग्रजीत ते एकाच शब्दात मिसळतात. मार्क्सने पहिला वापरला आहे.

मराठीत हा घोळ होण्याचे कारण नव्हते. मराठीत ‘प्रतिनिधित्व’ आणि ‘चित्रण’ असे दोन स्वतंत्र शब्द आधीपासून आहेत. तरीही मराठी समीक्षेत ‘कादंबरीत शेतकऱ्याचे प्रतिनिधित्व’ असे बिनदिक्कत लिहिले जाते आणि इंग्रजीतील गोंधळ आपल्या भाषेत कष्टपूर्वक आयात होतो. याची किंमत नेमकी याच संहितेत दिसते. मार्क्स ज्या अल्पभूधारक शेतकऱ्यांविषयी बोलतो, त्यांची जीवनपद्धती सारखी आहे पण परस्परसंबंध नाही. संघटना नाही, म्हणून राजकीय अर्थाने वर्गही नाही. त्यांचा प्रतिनिधी त्यांना धनी म्हणून, वरून पाऊस आणि ऊन पाठवणारी अमर्याद शासनसत्ता म्हणून दिसतो. वाक्याचा रोख कार्यकारी सत्तेकडे आहे. ते वाक्य सुटे करून घोषवाक्य बनवताना समीक्षेने जे गाळले, ते म्हणजे लाखांहून लाख नोकरांची नोकरशाही, तिच्या जोडीचे सैन्य आणि त्यांच्या शिखरावर बसलेला एकच चेहरा. साम्राज्याची उपपत्ती सांगणारे वाक्य चित्रणाच्या उपपत्तीत विरघळले.

‘प्रजासत्ताक’ या मराठी शब्दातही हाच तिढा आहे. ‘प्रजा’ हा ‘राजा’चा जोडशब्द, प्रजेची सत्ता हा शब्दांचा विरोधाभास. तो पचवायचा तर प्रजेचे नागरिकांत रूपांतर व्हावे लागते. १८५२ च्या सार्वमताने उलटी क्रिया केली. नागरिकांना एकदाच, होय किंवा नाही म्हणायला बोलावले आणि होय म्हणताच प्रजा करून घरी पाठवले. २५ नोव्हेंबर १८४९ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, भारताच्या संविधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेत हाच धोका दाखवला. धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणातील भक्ती मात्र अधोगतीकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या इशाऱ्याचा आशय होता. तेथे ‘घसरण’ नाही. भक्ती ही क्रिया आहे. ती करणारे लोक आहेत आणि ती न करण्याची मुभाही त्यांना आहे.

६

‘साम्राज्य’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : सम्राटाचे राज्य आणि परक्या भूमीवरील राज्य. पहिला अर्थ १८५२ मध्ये सिद्ध झाला. दुसरा प्रजासत्ताकाने आधीच अंगीकारला होता. १८४८ च्या संविधानाने अल्जीरिया हा फ्रेंच प्रदेश घोषित केला. जून १८४८ मध्ये पॅरिसच्या कामगारांचे बंड चिरडण्यासाठी सभेने ज्याला कार्यकारी सत्ता दिली, तो कावेन्याक अल्जीरियातून नुकताच परतला होता. १८५१ च्या सत्ताहरणाचा युद्धमंत्री सेंत-आर्नो हाही अल्जीरियातील मोहिमांतून वर आलेला. सत्ताहरणानंतर सव्वीस हजारांहून अधिक लोकांना खास आयोगांपुढे उभे करण्यात आले आणि त्यांतील हजारोंची रवानगी अल्जीरियातच झाली. वसाहतीत सभा नव्हती, सेनापती होता. विधिमंडळाला न विचारता राज्य कसे करायचे, याचे शिक्षण तेथे मिळत होते. उत्तर-वसाहतवादी समीक्षा सईद यांच्या मुखपृष्ठापलीकडच्या त्या एका वाक्यावर इतकी रेंगाळली नसती, तर ‘अठरावा ब्रुमेर’च्या सेनापतींचा हा पत्ता तिला सहज सापडला असता.

७

फ्लोबेरच्या ‘भावनिक शिक्षण’ (१८६९) या कादंबरीकडे वळल्यावाचून ही चर्चा पुरी होत नाही. तिसऱ्या भागाच्या पाचव्या प्रकरणाच्या अखेरीस, सत्ताहरणाच्या दिवसांत, फ्रेदेरिक रस्त्यावर उभा आहे. प्रामाणिक प्रजासत्ताकवादी द्यूसार्दिए प्रजासत्ताकाचा जयजयकार करतो आणि एका पोलिसाच्या तलवारीने पडतो. पोलीस वळतो, तो सेनेकाल असतो, एके काळचा कट्टर समाजवादी. फ्रेदेरिक आ वासून पाहतो. प्रकरण संपते. पुढचे सुरू होते तेव्हा नायक प्रवास करून आलेला असतो, आणि थोड्या ओळींत १८६७ साल उजाडते. प्रूस्तने १९२० मध्ये या कोऱ्या जागेचे मनापासून कौतुक केले. काळाची गती अशी बदलणे ही त्याला कादंबरीतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटली. तेव्हापासून ही जागा कथनशास्त्राच्या वर्गात लय, लोप आणि कालविपर्यास यांचे उदाहरण म्हणून शिकवली जाते.

ते चूक नाही, पण अपुरे आहे. त्या कोऱ्या जागेत जे मावले आहे ते साम्राज्य आहे. सोळा वर्षे वाक्याला पात्र ठरत नाहीत, कारण नायकाच्या आयुष्यात त्यांत काही घडत नाही. घसरणीचा अनुभव हाच : काही घडलेच नाही, असे वाटणे. मात्र फ्लोबेर हा अनुभव सिद्धान्त म्हणून देत नाही. कोऱ्या जागेच्या अगदी आधी तो तलवार, ती धरणारा हात आणि त्या हाताचे नाव देतो. थोडे आधी फ्रेदेरिक एका कामगाराला लढणार नाही का म्हणून विचारतो, तेव्हा बूर्झ्वांसाठी मरण्याइतके आम्ही मूर्ख नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळते. त्या उत्तरात जून १८४८ च्या गोळ्या आहेत आणि ३१ मे १८५० चा कायदा आहे. द्यूसार्दिए स्वतः जूनमध्ये बंडखोरांविरुद्ध लढला होता आणि त्या आठवणीने पोखरला होता. त्या दिवसांत फ्रेदेरिक फाँतेनब्लोच्या अरण्यात प्रेयसीसोबत सहल करीत होता. कादंबरीत कर्त्यांची उणीव नाही. उणीव आहे ती फक्त नायकाच्या दृष्टीत. समीक्षेने नायकाची दृष्टी लेखकाची मानली आणि स्वतःचीही करून घेतली.

८

या साऱ्यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. कर्त्याचा आग्रह म्हणजे पुन्हा त्या भाबड्या मानवतावादाकडे परतणे, बार्थने १९६८ मध्ये ज्या लेखकाचे मरण जाहीर केले त्याला मागच्या दाराने घरात घेणे, असे म्हटले जाईल. हा आक्षेप दोन गोष्टींची गल्लत करतो. अर्थाचा सार्वभौम धनी म्हणून लेखक नाकारणे निराळे आणि कृतीचा जबाबदार कर्ता नाकारणे निराळे. पहिल्या नकाराने वाचक मोकळा होतो. दुसऱ्याने सत्ताधारी मोकळा होतो. शिवाय येथे ज्या कर्त्याचा आग्रह आहे तो एकटा नाही. तो ६४३ हातांत, डाव्यांच्या नोव्हेंबरातील मतांत, पन्नास लाख मतपत्रिकांत, कवीच्या भाषणात आणि पोलिसाच्या तलवारीत विभागलेला आहे. ह्यूगोची उणीव कर्ता सांगितल्याची नव्हती, एकच सांगितल्याची होती. ती भरून काढायची तर कर्ते वाढवावे लागतात, पुसून चालत नाही.

तेव्हा प्रजासत्ताक एकवटलेल्या कार्यकारी सत्तेच्या वाटेने साम्राज्यात वाहत जाऊ शकते काय? वाहत जाणे म्हणजे कोणी वल्हवीत नाही असे असेल, तर नाही. साम्राज्याच्या दाराशी ते नेले जाते : भीतीपोटी दिलेल्या मताने, वेळेवर न दिलेल्या मताने, आपल्या विरोधकाचा हक्क गेला म्हणून झालेल्या आनंदाने, वसाहतीत चालते ते घरी चालणार नाही या भ्रमाने. नेणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण नेत आहोत हे कळत नाही, एवढाच घसरणीच्या रूपकातला सत्यांश. पण ते कळवणे हेच तर समीक्षेचे काम. १८४८ चा पराभूत उपसूचनाकार ग्रेव्ही १८७९ मध्ये तिसऱ्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला आणि त्याने सभेच्या इच्छेविरुद्ध आपले अधिकार न वापरण्याचे पथ्य पाळले. ज्या वाक्याचा कर्ता अवघी १५८ मते मिळवून हरला होता, त्याच वाक्यात तीस वर्षांनी एका राज्याची घडी बसली. नाकारलेले पर्याय संहितेतून नाहीसे होत नाहीत. त्यांना वाचणारा लागतो.